कोणी न सांगितलेले काम

बडोद्याला मिळालेल्या एका ताम्रपटात वेरूळच्या कैलास लेण्याचा उल्लेख आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा हा ताम्रपट इ. स. ८१२-१३ च्या सुमाराचा. कृष्णराजाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरात घडवलेले देऊळ पाहून विमानातून चाललेले देव चकित झाले, असे त्यात म्हटले आहे. दरबारी कवीने एवढे म्हणायचेच असते. पुढची गोष्ट मात्र दरबारी वाटत नाही. ज्याने हे देऊळ घडवले त्या कारागिराला तसे दुसरे काम काही जमले नाही, आणि हे आपल्या हातून झाले तरी कसे, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले. ताम्रपटात राजाचे नाव आहे. कारागिराचे नाही.

ते नाव पुढे लोकांनी पुरवले. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त पैठणच्या कोकसाची कथा येते. देवळाचे शिखर डोळ्यांनी पाहीन तेव्हाच अन्न घेईन, असा राणीचा नवस होता. पायापासून काम धरले तर शिखर दिसायला वर्षे लागणार आणि तोवर राणी जगणार कशी? कोकसाने कळसापासून कोरायला घेतले आणि आठवड्याच्या आत शिखर दाखवले. ही दंतकथाच, पण तिच्या पोटात तंत्राची खरी माहिती आहे. कैलास खरोखरच वरून खाली कोरत आणला आहे. दोनशे शहात्तर फूट लांबीचे आणि मागच्या बाजूला शंभर फुटांहून खोल असे अंगण डोंगरातून मोकळे करायचे, त्यासाठी सुमारे दोन लाख टन दगड बाहेर काढायचा आणि मधला तेवढा देवळाच्या आकारात शिल्लक ठेवायचा. इथे दगडावर दगड चढवलेला नाही. उडवलेला दगड परत येत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच शेवटचा दिवस डोक्यात असावा लागतो.

संभाजीनगरात राहून कलेच्या जागांवर लिहायचे तर सुरुवात वेरूळपासून होणारच. तीस किलोमीटरवर ते उभे आहे आणि ‘जागा पाहायला जाणे’ म्हणजे काय, हे आमच्या पिढ्यांना तिथेच कळले. शाळेची सहल, दौलताबादचा घाट, सीताफळांच्या पाट्या, खुलताबादच्या उतारावरून समोर पसरलेले मैदान, हे सगळे लेण्यांचाच भाग होऊन बसले आहे. लेणे आणि त्याभोवतीचा मुलूख वेगळा काढता येत नाही. श्रावणात सीतेच्या न्हाणीचा धबधबा सुरू असताना पाहिलेले वेरूळ वेगळे आणि वैशाखात तापलेल्या काळ्या दगडाचे वेरूळ वेगळे.

पण कैलासामागे कृष्णराजा होता, खजिना होता, छिन्नी-हातोड्याचे घराण्याघराण्यांतून आलेले ज्ञान होते. हे पुस्तक ज्या माणसांच्या जागांविषयी आहे त्यांच्यापाठी यांतले काहीच नव्हते. चित्रकलेचे शिक्षण नाही, आश्रयदाता नाही, गिऱ्हाईक नाही. एके दिवशी माणूस उठतो आणि काहीतरी करायला घेतो. गाव म्हणते, रिकामे धंदे. तो करतच राहतो. दहा वर्षे, वीस वर्षे. शेवटी तिथे जे उभे राहते ते उचलून कुठल्या दालनात नेता येत नाही. पाहायचे असेल तर तिथे जावे लागते.

पाश्चात्त्य कलाजगताला अशा कामाची दखल घ्यायला दुसरे महायुद्ध संपावे लागले. फ्रेंच चित्रकार झां द्युबुफे याने १९४५ पासून मनोरुग्णालयांतल्या, तुरुंगांतल्या, एकांतात राहणाऱ्या माणसांची चित्रे-शिल्पे जमवायला सुरुवात केली. तो संग्रह १९७६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात संग्रहालय म्हणून खुला झाला. त्याआधी १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल यांच्या पुस्तकाने ‘आउटसायडर आर्ट’ हे इंग्रजी नाव रूढ केले. नावाशी मी भांडत बसत नाही. मात्र शिक्षित आणि अशिक्षित हात ही त्यांची विभागणी आपल्याकडे फारशी उपयोगी पडत नाही, हे सांगायला हवे. आपल्याकडे पाथरवटाचा मुलगा घरातच शिकतो, कुंभाराची सून चाकाजवळ बसून शिकते. कला महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेले थोर कारागीर आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. म्हणून या पुस्तकासाठी मी दुसरी कसोटी धरली आहे: हे काम करायला कोणी सांगितले होते का? पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात ती रीत म्हणून. लग्नघराच्या भिंतीवर पेंटर हत्ती काढतो तो सुपारी घेऊन. वेरूळ राजाने सांगितले. ज्या कामामागे रीत नाही, सुपारी नाही आणि राजाही नाही, ते या पुस्तकात आले आहे.

या कसोटीवर दोन परदेशी माणसे पहिल्याच झटक्यात उतरतात, म्हणून त्यांना घाईत का होईना भेटून घेऊ. फ्रान्समधल्या ओतरीव्ह गावचा पोस्टमन फर्दिनां शव्हाल १८७९ साली टपाल वाटताना एका चमत्कारिक दगडाला अडखळला. त्या दिवसापासून त्याने वाटेवरचे दगड आधी खिशातून, मग टोपलीतून आणि शेवटी हातगाडीवरून आणले आणि तेहतीस वर्षे खपून स्वतःचा राजवाडा बांधला. १९६९ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. दुसरा सायमन रोडिया, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात राहणारा इटालियन मजूर. १९२१ पासून तीसहून अधिक वर्षे त्याने लोखंडी सळ्या, सिमेंट, फुटक्या बश्या आणि बाटल्यांच्या काचा यांचे मनोरे चढवले. उंचातला उंच जवळजवळ शंभर फूट. मग एके दिवशी जागा शेजाऱ्याला देऊन तो निघून गेला. महापालिकेने मनोरे धोकादायक ठरवले. १९५९ मध्ये दहा हजार पौंडांचा ताण लावून त्यांची चाचणी घेतली, तेव्हा मनोरे हलले नाहीत. ताण देणारे यंत्रच वाकले. सरकारी अभियंत्यांच्या तोंडावर याहून चांगले उत्तर कुठल्या कलावंताने दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्या देशात या परंपरेचे सर्वांत मोठे नाव नेकचंद. त्याची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण अशा जागांचे काय होते ते सगळे तिच्यात आहे. जन्म १९२४ चा, शकरगढ तालुक्यातला. तो भाग आता पाकिस्तानात आहे. फाळणीत घर सुटले. चंडीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात तो रस्ते निरीक्षक म्हणून लागला. ल कॉर्ब्यूझिएचे नवे शहर उठत होते आणि त्यासाठी जुनी गावे उठवली जात होती. त्या गावांची फुटकी कौले, मडकी, बांगड्या, संडासाची भांडी, विजेची चिनीमातीची बटणे, असा सगळा भंगार माल नेकचंद सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेऊ लागला. ही जमीन राखीव होती आणि तिथे काहीही बांधायला मनाई होती. १९५७-५८ पासून दिवसा नोकरी आणि रात्री हे काम. माणसे, माकडे, मोर, नाचणाऱ्या बायकांच्या रांगाच्या रांगा त्याने तिथे उभ्या केल्या. बाहेर कोणाला पत्ता नाही.

गंमत अशी की, कॉर्ब्यूझिएने चंडीगडसाठी जे नियम घालून दिले त्यांत व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असा एक नियम होता. नेकचंदने शेकड्यांनी पुतळे उभारले आणि नियमही मोडला नाही, कारण त्यांतला एकही कोणा मोठ्या माणसाचा नव्हता. जंगल मात्र बेकायदा बळकावलेले होतेच. सत्तरच्या दशकाच्या मध्याला गुपित फुटले तेव्हा सगळे पाडायचे असाच सरकारी खाक्या होता. प्रशासनात थोडी कलेची चाड असलेली माणसे निघाली, म्हणून १९७६ मध्ये ती जागा ‘रॉक गार्डन’ या नावाने लोकांसाठी उघडली. नेकचंदला तिथेच अधिकारी नेमले आणि पन्नास मजूर दिले. १९८४ साली पद्मश्री मिळाली. पण १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आलेच, आणि ते परत पाठवले शहरातल्या लोकांनी हातात हात धरून. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी असताना मूर्तींची नासधूस झाली. २०१५ च्या जूनमध्ये तो गेला. आज चाळीस एकरांवर ती बाग आहे. तिच्यामागे जो फौजफाटा आता दिसतो तो सगळा नंतरचा.

आता आपल्या भाषेच्या अंगणात येऊ. गोव्यात मडगावपासून थोड्या अंतरावर लोटली गाव आहे. पोर्तुगीज काळातली मोठमोठी घरे, भातखाचरे, नारळ-फणसाची दाटी. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचे घर याच गावात. तेही कुठल्या कलाशाळेत शिकलेले नव्हते, हे जाता जाता. याच लोटलीत माएंद्र आल्वारिश यांनी जुन्या गोव्याचे गाव उभे केले आहे. शेतकरी, मासेमार, कारागीर यांची घरे आणि त्यांत कामात गुंतलेली माणसे. एका खडकावर पावलाचा ठसा आहे आणि त्यामागे महादर नावाच्या दानशूर माणसाची लोककथा. पण मला लोटलीला खेचणारी गोष्ट दुसरी आहे. जमिनीतल्या जांभ्या खडकात जागच्या जागी कोरलेली आडवी संत मीराबाई, सुमारे चौदा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. १९९४ मध्ये आल्वारिश यांनी ती एकट्याने तीस दिवसांत पुरी केली आणि लिम्का बुकात तिची नोंद झाली.

तीस दिवस हा आकडा ऐकून वेरूळच्या माणसाच्या भुवया वर जातात. त्याचे उत्तर दगडात आहे. आमचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. छिन्नीची धार दिवसातून कितीदा लावावी लागते ते वडार-बेलदारांना विचारा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, चिरे कापता येतील इतका. हवा लागली की तो कडक होत जातो. म्हणजे जांभ्याला घाई चालते, किंबहुना हवीच असते. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ चढते, उन्हाळ्यात तो विटकरी दिसतो. मीराबाईच्या अंगावर असे ऋतू येत-जात राहतात. एक मराठवाड्यातला दगड, एक गोव्यातला. दोन्ही ठिकाणी डोंगरातून वा जमिनीतून जे नको ते काढून टाकले आहे, आणि तरी दोघांत हजार-बाराशे वर्षांइतकेच अंतर मापाचे आणि मोलाचेही आहे. मीराबाईला कैलासाच्या पंगतीला बसवण्याचा माझा विचार नाही. शिल्प म्हणून ती थोडी साधीच आहे. पण एका माणसाला एका महिन्यात आपल्या पायाखालच्या जमिनीत कोणी दिसावे आणि त्याने ते सोडवून बाहेर काढावे, याचे मोल शिल्पशास्त्राच्या पट्टीने लागत नाही.

तिसरी जागा डहाणू तालुक्यातली, गंजाड. इथे थोडा वाद होईल हे मला माहीत आहे. वारली चित्रे ही एका समाजाची कला, तिला अशा एकांड्या कामांच्या रांगेत का बसवता, असे कोणी विचारेल. त्याचे म्हणणे रास्त आहे. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची, धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणायची. हा विधी आहे, त्याला मुहूर्त आहे आणि त्यात पुरुषाचे काम नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चौकट ओलांडली. १९३४ चा जन्म. लहानपणी आई गेली आणि मुलगा बोलेनासा झाला, मातीत रेघोट्या ओढून सांगू लागला. पुढे विधी नसताना, लग्न नसताना, रोज आणि पुरुष असून ते चित्र काढू लागले. बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला करायचा आणि त्याने जाळे टाकणारा कोळी, मुंग्यांचे वारूळ, तारपा या फुंकवाद्याभोवती गोल फिरणारी माणसे काढायची. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हा चित्रकार या पाड्यांवर हिंडत होता. आधी मधुबनीच्या बायकांना कागद-रंग देऊन त्याने ते काम जगापुढे आणले होते. त्याने जिव्यांचे काम पाहिले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात प्रदर्शन झाले, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात ते गेले, २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या जोडीने त्यांची चित्रे लागली. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. आज वारली चित्र टी-शर्टावर, कपावर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर आहे. त्याची गोडी त्यामुळे कमीच झाली आहे, असे माझे मत. म्हणून गंजाडला जायचे. तिथे भातखाचरांचे टप्पे, ताडांची रांग, दूरवर महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसतो. जिव्यांच्या चित्रात रेघ अशी का सरसरत जाते आणि माणूस इतका बारीक, झाडे इतकी मोठी का, हे तिथे उभे राहिल्यावर कोणी सांगावे लागत नाही. जायचे तर दिवाळीनंतर, नवे धान्य घरात आल्यावर. तारप्याचा सूर तेव्हाच खरा लागतो.

आणि मराठवाडा? आमच्याकडे नेकचंद झाला नाही. पण अंगात तेच वेड असलेली माणसे झाली. फरक इतकाच की, त्यांनी घडवण्याऐवजी वेचले. पैठण आणि तेर ही सातवाहनांच्या काळातली व्यापारी नगरे. त्यांच्या पांढरीच्या टेकाडांवर पहिला मोठा पाऊस पडला की मातीतून मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीची डोकी वर येतात. पैठणला बाळासाहेब पाटील आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर हे वेचले. पुरातत्त्वाची पदवी नव्हती, पगार नव्हता, आणि गावाचे म्हणणे बहुधा तेच, रिकामे धंदे. आज दोन्ही गावांत त्यांच्या नावाची शासकीय संग्रहालये आहेत. ही माणसे कलावंत नव्हती, तरी कोणी सांगितले नसताना जन्मभर एकाच गोष्टीमागे लागण्याच्या बाबतीत ती शव्हालची सख्खी भावंडे आहेत. त्यांना या पुस्तकात जागा देताना मी फार विचार केला नाही.

ज्याचे काम कोणी सांगितले नव्हते त्याची राखणही कोणाकडे नसते. या विषयातली खरी अडचण हीच आहे. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे पहारेकरी तिथे आहेत. पण १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरायला वास्तूचे वय किमान शंभर वर्षे लागते. एखाद्या शेतकऱ्याने १९८० साली बांधावर उभे केलेले प्राणी त्यात कसे बसणार? करणारा जिवंत असतो तोवर तो डागडुजी करतो. तो गेला की वाटण्या होतात, बांधावर ट्रॅक्टर फिरतो, घर पडते. आणि वाचलेच तर सुधारणा होते, जी पडझडीहून वाईट. गावोगावच्या हेमाडपंती देवळांना ऑइल पेंटचे थर फासून काय केले आहे ते आपण पाहतोच. पिवळा खांब, निळे कीर्तिमुख, लाल उंबरा. भक्तीने केलेले असते म्हणून कोणी बोलत नाही. वर्गणी जमली, सरपंचाला हौस आली, की कोणा एकट्याने सिमेंटात घडवलेल्या वाघालाही तोच रंग लागतो, आणि मूळ हाताचा माग पुसला जातो.

पुढच्या पानांत जागांचे वर्णन आहे, कसे जायचे ते आहे, आणि जाताना कसे वागायचे तेही मी मुद्दाम लिहिले आहे. ही संग्रहालये नव्हेत, बहुतेक वेळा कोणाचे तरी घर किंवा शेत आहे. उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात, आधी विचारावे, मग फोटो. पाड्यावर चित्र विकत घ्यायचे तर घासाघीस करू नये. शहरातल्या दुकानात छापील किमतीला जे मुकाट घेता ते इथे का नाही? आणि एका दिवसात तीन जागा उरकायचा बेत कृपया आखू नका. आजूबाजूचे रान, पाणी, दगड पाहिला नाही तर काम अर्धेच दिसते.

एक विनंती मात्र प्रस्तावनेतच करतो. तुमच्या तालुक्यात, तुमच्या पाहुण्यांच्या गावात, कोणीतरी असेलच. विहिरीच्या कठड्यावर चेहरे कोरणारा, घरावर फुटक्या बांगड्यांची नक्षी लावणारी, माळावर दगड रचत बसलेला. तो जिवंत असतानाच त्याच्याकडे जा. नाव, गाव, सुरुवात कधी केली, माल कुठून आणला, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. चारी बाजूंनी फोटो काढा, टेपने माप घ्या. त्याची परवानगी असेल तर त्याची एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवा. कैलासाच्या कारागिराचे नाव शोधायला आपल्याला दंतकथेकडे जावे लागले. या माणसांची नावे अजून विचारून कळतात.